माझ्या माहितीप्रमाणे मी मीच आहे

बँकेतून फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये उसळीत पाव बुडवत होतो. "सर, तुमच्या होम लोनच्या फाईलमध्ये सगळं ओके आहे, फक्त नेम मिसमॅच आणि सिग्नेचर मिसमॅच येतंय." म्हणजे नाव आणि सही सोडली तर बाकी मी बरोबर होतो.

माझं नाव ज्ञानेश्वर, वडिलांचं विठ्ठल. आजोबा वारकरी, त्यांनी मुलाचं नाव विठ्ठल ठेवलं आणि पुढं विठ्ठलाला मुलगा झाला तेव्हा नावावर घरात चर्चा अशी झालीच नाही. (बहिणीचं नाव मुक्ता आहे हे वेगळं सांगायला नको.) आता मराठीत लिहायचं तर हे नाव एकाच पद्धतीनं लिहिता येतं, पण इंग्रजीत ज्ञ नावाचं अक्षरच नाही त्याला मी काय करू. पॅनवर मी डी-एन-वाय-ए वाला आहे. आधार काढताना सेंटरवरच्या पोरानं घाईत तो ए खाल्ला. आणि सॅलरी अकाउंटचा फॉर्म एचआरमधल्या एका उत्तरेकडच्या साहेबांनी भरला, ते मला पहिल्या दिवसापासून ग्यानेश्वर म्हणायचे, त्यामुळं तिथं जी-वाय. वडिलांच्या नावात कुठं एक टी, कुठं दोन, आणि एके ठिकाणी दोन टी आणि दोन एच, म्हणजे ठ्ठ चा पूर्ण न्याय. मराठीत एक माणूस, इंग्रजीत तीन बाप-लेकांच्या जोड्या.

बायको सहकर्जदार आहे. सगळ्यांना वाटत होतं लोचा हिच्या कागदात होणार, कारण लग्नानंतर बायकांची नावं बदलतात आणि मग जन्मभर झेरॉक्स. पण हिनं नाव बदललंच नव्हतं. तेव्हा आत्या तीन महिने रुसली होती. आता मॅडमची फाईल एका फटक्यात क्लिअर आणि अडकलो मीच. "अरे, तू नक्की कोण आहेस ते एकदा ठरव," एवढंच म्हणाली ती.

सहीची गोष्ट अजून वाईट आहे. दहावीत बाईंनी सांगितलं होतं पूर्ण नाव लिहा तीच सही, ती मी मराठीत करायचो. मग अकरावीत वहीच्या शेवटच्या पानावर प्रॅक्टिस करून एक इंग्रजी सही बसवली, खाली पल्लेदार रेघ, रेघेखाली दोन टिंबं, टिंबं कशासाठी ते आज आठवत नाही. पॅन कार्डवर नेमकी तीच सही आहे. नंतर चाकणला स्टोअरमध्ये लागलो, दिवसाला चाळीस-पन्नास गेटपास, तिथं ती सही झिजत झिजत आता एक डोंगर आणि त्याला शेपूट एवढीच उरलीय. आजोबांनी विकास सोसायटीचं पीककर्ज आयुष्यभर अंगठ्यावर घेतलं, एकदा पण मिसमॅच आला नाही.

तर बँकेनं सांगितलं, ॲफिडेविट करून आणा. तिन्ही नावांचा माणूस एकच आणि दोन्ही सह्या त्याच्याच, असं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर. मी म्हटलं शंभरच्या ना? "नाही सर, शंभरचं गेलं." खरंच गेलंय, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेचं काम थेट पाचशेवर नेलंय. जातीचा दाखला वगैरे सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी माफ आहे, पण बँक म्हणजे सरकार नव्हे, तिथं मी कोण हे सांगायला पाचशे रुपये पडतात, नोटरी आणि टायपिंग वेगळं.

शनिवारी कोर्टाबाहेर गेलो. स्टॅम्प व्हेंडरनं रजिस्टर पुढं सरकवलं, "सही करा." कुठली करू? डोंगर केला. मग झाडाखाली टायपिंगवाल्या काकांकडे. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे, छत्री तीच आहे. काकांनी माझं ऐकून न घेताच कुठली तरी जुनी फाईल उघडली आणि त्यातलं नाव खोडून माझं घालायला सुरुवात केली. स्पेलिंगं मी त्यांच्या खांद्यावरून ओरडून सांगत होतो, डी फॉर डमरू, जी फॉर गणपती, आणि शेजारी वारसाच्या दाखल्याला आलेली एक आजी मला फार दयेनं बघत होती.

मजकुराच्या शेवटी लिहिलं होतं की वरील सर्व माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरे आहे. म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे मी मीच आहे. चुकत असेन तर भारतीय दंड संहिता १८६० खाली शिक्षेस पात्र. म्हटलं काका, ती संहिता तर १ जुलै २०२४ ला बंद झाली, आता न्याय संहिता आलीय. काका म्हणाले, "बँकेला चालतं."

मग नोटरी. नोटरीसाहेबांनी विचारलं, तुम्हाला ओळखणारं कोण आहे? मी बायकोकडे बघितलं. ती चालत नाही म्हणे, वकील लागतो. मग बाजूच्या टेबलावरच्या वकीलसाहेबांनी चहा बाजूला ठेवून सही ठोकली की मी या इसमास ओळखतो. आमची ओळख तेव्हा चार मिनिटांची होती. माझी बँक मला बारा वर्षं ओळखते पण तिला खात्री नाही. पुढं तिकीट, गोल शिक्का, रजिस्टरमध्ये अजून एक सही, तिथं मी घाबरून टिंबंवाली केली.

माऊलींना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं होतं ते आठवलं. वडील त्यांचेही विठ्ठलच. फक्त तिथं रेडा बोलला म्हणतात, इथं काम काकांच्या लॅपटॉपवर भागलं.

घरी येऊन नीट वाचलं तर स्पेलिंगं सगळी बरोबर, एच सकट. पण कलम चारमध्ये लिहिलेलं, "सदर गॅप कालावधीत मी इतर कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता व कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो." कुण्यातरी इंजिनिअरिंगच्या पोराचं गॅप सर्टिफिकेट होतं ते. वय वर्षं एकेचाळीस, दोन पोरांचा बाप, आणि मी शपथेवर सांगितलेलं की ॲडमिशन घेतली नाही. अर्थात खोटं काही नव्हतं त्यात. परत पाचशे घालायची इच्छा नव्हती, बायको म्हणाली जाऊ दे, देऊन तर बघ.

सोमवारी बँकेत दिलं. ऑफिसर मॅडमनी पहिलं पान बघितलं, शिक्का बघितला, उलटून शेवटचं पान, शिक्का, आणि कागद पंच करून फाईलला लावला. कलम चार कुणी वाचलं नाही. मग म्हणाल्या, "सर, झेरॉक्सवर सेल्फ अटेस्टेड लिहून खाली सही करा."

मी पेन काढलं आणि विचारलं, कुठली करू?

"कुठलीही करा हो," मॅडम म्हणाल्या, "आता ॲफिडेविट आहे ना."