विंडोजचे २० टक्के आणि एसटीतली आमदारांची सीट

सांगलीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. अधूनमधून कुणीतरी तोच मेसेज नाकासमोर धरतं: 'विंडोज तुमच्या नेटचा २० टक्के स्पीड स्वतःसाठी दाबून ठेवतं. ग्रुप पॉलिसीत जा, लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ ० करा, फरक लगेच दिसेल.' ग्रुप पॉलिसी म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची खिडकी. विंडोज एक्सपीच्या काळापासून हे फिरतंय.

'दाबून ठेवतं' हेच मुळात चूक. सेटिंगच्या नावातच 'लिमिट' आहे. एखाद्या प्रोग्रामने मुद्दाम प्राधान्य मागितलंच, तर सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त किती द्यायचं, त्याची ही मर्यादा. सांगली-सातारा एसटीत आमदारांची राखीव सीट असते, तिच्यावर आष्ट्याला उतरणाऱ्या मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. आमदार आलेच तर उठतील. इथेही तसंच, मागणारा प्रोग्राम गप्प असेल तर त्याचा वाटाही बाकीचे वापरतात. मायक्रोसॉफ्टने हा खुलासा एक्सपीच्याच वेळी केला होता.

'अपडेटसाठी राखतात.' नाही. अपडेटच्या स्पीडला लगाम घालायचा तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची वेगळी सेटिंग आहे.

'मी केलं, वाढला की स्पीड!' रात्री नऊला आणि सकाळी सहाला टेस्ट घेतली तर काही न करताही आकडा बदलतो. विश्रामबागचे एक काका तर भांडायलाच आले होते: प्लॅन ४० चा, डाउनलोड ५ नेच. म्हटलं, काका, ४० आहेत मेगाबिट, ५ दिसतात ते मेगाबाइट. आठाने भागा. पूर्ण मिळतंय की तुम्हाला!

विंडोजच्या होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसीची खिडकीच नसते. मग लोक कुठल्यातरी साइटवरून फाइल उतरवून ती बसवतात आणि लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येतात. आमचा धंदा होतो, तक्रार नाही.

आरक्षण ही चीज खोटी नाही, फक्त जागा चुकते. घरात टीव्ही, चार मोबाईल आणि पोराचा ऑनलाइन क्लास एकाच लाइनवर. लॅपटॉपला बाकीच्यांचा पत्ताच नसतो. सगळी वाहतूक राउटरमधून जाते, तेव्हा राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी नेट द्यायचं ते ठरवायची सोय, असेल तर तिथे क्लासच्या लॅपटॉपला पुढे काढा. विशेषतः अपलोड तुंबतं तेव्हा. मोबाईलमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की सरांचा आवाज तुटतो, तो इथे सुधारतो.

काकांनी तरी जाताना विचारलंच, "पण ० करून ठेवलं तर बिघडत नाही ना?" नाही बिघडत. राहू द्या.