खोकायचं असेल तर नियमात खोका

माझ्या मावसभावाला टीबी निघाला. गोळ्या चालू आहेत, तो सुधारतोय, बिघडलंय ते माझं डोकं. त्याच्याबरोबर एवढे काउंटर पालथे घातले की आता कुणालाही सल्ला देऊ शकतो. घ्या, फुकट आहे.

टीबी व्हायच्या आधी गोव्यात ५ वर्षं राहून घ्या, त्याशिवाय गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड नाही. ट्रॉलरवर नाहीतर बांधकामावर नुकतेच आलेल्यांनी खोकला आवरावा.

वय ७० किंवा त्याच्या वर असेल तर उत्तमच, केंद्राच्या आयुष्मान विम्याचं ५ लाखांचं वय वंदना कार्ड मिळतं. टीबी कमावत्या माणसाला धरतो हा त्याचा दोष.

आता महत्त्वाचं. हॉस्पिटलात चालत जाऊ नका. भाऊ चालत गेला आणि तिथेच फसलो. डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला, सरकारी तारीख लांबची मिळाली म्हणून एका खाजगी हॉस्पिटलात गेलो आणि दीनदयाळ कार्ड पुढे केलं. काउंटरवरची मुलगी म्हणते, पेशंट ॲडमिट आसा? म्हटलं नाही बाय, हा काय समोर उभा आहे. ती म्हणते, मागीर (मग) स्कीमींत बसना. बरं, मग करा ॲडमिट! तर डॉक्टर म्हणतात गरज नाही, आणि त्यांचं चुकत नाही, साधा टीबी घरी राहून ६ महिने गोळ्या खाऊन बरा होतो, उगाच वॉर्डात नेऊन शेजारच्या खाटेला वाटायचा कशाला. मग म्हणे ही सरकारच्या नॅशनल टीबी प्रोग्रामची केस, टीबीवाल्यांकडे जा. ते म्हणाले थुंकीची तपासणी फुकट, गोळ्या फुकट, स्कॅनचं आमच्याकडे काय नाही, तुमच्याकडे कार्ड असेल ना? म्हणजे प्रोग्राम गोळीचे पैसे देणार, विमा खाटेचे देणार, आणि पेशंट स्वतःच्या पायावर उभा राहिला तर खर्च त्याचा! दीनदयाळचे अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला ४ लाख, आयुष्मानचे ५ लाख, सगळं त्या खाटेला बांधून ठेवलंय. रक्त ओकून पडलात की लगेच पात्र. तोवर धीर धरा.

नोकरी ईएसआयवाली, म्हणजे कामगार विम्याची धरा. तिथे टीबीला खरोखर चांगली सोय आहे, ८० टक्के पगार, दोन वर्षांपर्यंत. फक्त आधी सलग दोन वर्षं विम्यातली नोकरी झालेली पाहिजे. आमचा भाऊ कुंडईला कंत्राटावर, कंत्राटदार बदलला की कागदोपत्री तो पण नवा. जंतूंना थोडं थांबायला सांगा.

पौष्टिक खा. त्यासाठी सरकार टीबीच्या पेशंटला देतं ते निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये आहेत, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. दिवसाला ३३ रुपये. म्हापशाच्या बाजारात ३३ रुपये दाखवून बांगडे मागून बघा, बाई काय बोलते ते ऐका.

बास झाली थट्टा. आता सरकार, तुम्हाला विचारतो. २०२५ पर्यंत टीबी हटवणार असं २०१८ मध्ये तुम्हीच जाहीर केलं होतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. ट्रूनॅट मशीन आमच्या वेर्ण्याची कंपनी बनवते, तासा-दोन तासांत टीबी आहे का सांगते, औषधं आहेत, घरी येऊन विचारणारी आशाताई, नर्सबाई आहे. मग अडलंय कुठे? एका माणसाच्या दोन फायली दोन खात्यांत, आणि त्या एकमेकींना ओळख दाखवत नाहीत! ज्याच्याकडे निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर आहे त्याचा स्कॅन, लिव्हरच्या तपासण्या, बुडालेली मजुरी हे ॲडमिट न करता विम्यातून द्या की. मजुरी बुडते म्हणून माणूस गोळ्या अर्धवट टाकतो, मग नेहमीच्या औषधांना न जुमानणारा एमडीआर टीबी होतो, महागडी औषधं लागतात, कधी ती तुमची लाडकी खाटही, आणि ते पैसे सरकारच्याच खिशातून जातात. एवढा हिशेब येत नाही तुम्हाला? पोषणाची टोपली हातात देताना फोटोला बरोबर उभे राहता. कॅमेरा गेला की त्याच माणसाला विचारा, स्कॅनचे किती भरलेस, आणि ते परत द्या.