‘तेलात टाकला की लालभडक होतो, म्हणजे रंग घातलाय’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘कांदा-लसूण मसाला ग्लासभर पाण्यात टाकला तर पाणी नुसतं गढूळ झालं, गरम तेलात टाकला तर तेल लालभडक. नक्की केमिकलचा रंग आहे.’ वाचून जीवाला लागलं. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, पण त्याचा अर्थ उलटा लागलाय.

मिरचीचा लाल रंग, कॅप्सॅन्थिन, तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून तर तांबडा रस्सा उकळला की तर्री लाल होऊन वर येते. हळदही तशीच. बिटाचं उलटं: फोडणीत कितीही परता, तेल रंगत नाही, पाणी ओतलं की लगेच गुलाबी. मिठाईत, सरबतात चालणारे टार्ट्राझीन, पॉन्सो फोर-आर हे रंगही पाण्यात विरघळणारे. मसाल्यात ते घालायला कायद्यानंच परवानगी नाही. घातले असते तर तुमच्या ग्लासात रंगाच्या रेघा तळाकडे उतरताना दिसल्या असत्या.

शिवाय आपल्या मसाल्यात तेलात तळलेला कांदा, लसूण, खोबरं असतं. डंकावर कुटताना ते तेल मिरचीच्या कणाकणाला लागतं. त्यामुळे चमचाभर मसाला पाण्यात सोडला की गोळी होऊन तरंगतो आणि कडेनं तांबूस थेंब सुटतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सुदान नावाचे रंग तेलात विरघळतात आणि खाण्यात त्यांना बंदी आहे. त्यामुळे तेल लाल झालं म्हणजे मसाला चोख, असंही मी म्हणणार नाही. तो फरक घरी कळत नाही, लॅबमध्येच कळतो. या भीतीपोटीच आम्ही तयार मिरचीपूड घेत नाही. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी, दोन्ही अख्ख्या आणून देठं इथेच खुडतो.

काउंटरवर विचारलंत तेव्हा आमचा माणूस ‘घ्यायचा तर घ्या’ म्हणाला, असंही तुम्ही लिहिलंय. तो आमचाच दोष. मनापासून माफी मागतो.

तुमच्या पुडीच्याच तारखेचं सीलबंद पाकीट बाजूला काढून ठेवलंय. तुम्ही म्हणाल त्या मान्यताप्राप्त लॅबला तुमच्यासमोर पाठवू, खर्च आमचा. रिपोर्ट जो येईल तो इथेच टाकू. सोमवार सोडून कधीही या.