लाल केस आणि भूल

दाताच्या दवाखान्यातील माझ्या कार्डावर ‘ॲलर्जी’ या रकान्यात आता ‘लाल केस’ अशी कायमची नोंद आहे. ती माझ्या संमतीशिवाय, माझ्यादेखत आणि निळ्या शाईत झाली. ती खोडावी अशी विनंती मी केली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने “असू द्या ना मॅडम, माहिती जास्त असलेली बरी,” असे म्हणून कार्ड गठ्ठ्यात सरकवून टाकले. अक्कलदाढ दुखत होती, गाल सुजला होता आणि केस नुकतेच तांबूस लाल रंगवून घेतलेले होते, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. पुढचे सर्व श्रेय काकूंचे.

काकू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा स्वतःचा कोणताही दात दुखत नव्हता. त्या यजमानांना सोबत म्हणून आल्या होत्या आणि यजमान आत आ वासून पडलेले असल्यामुळे त्यांना बोलायला कोणी उरले नव्हते. त्यांनी आधी माझ्या केसांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा केसांकडे. दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत याची खात्री पटल्यावर त्यांनी विचारले, “हे मुद्दाम केलंस, की असं झालं?”

“रंगवलेत,” मी अर्ध्या जबड्याने म्हटले.

“म्हणजे मुद्दाम,” असे म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला, आणि पर्समधून फोन काढला. “थांब हं. मला एक आलंय, लाल केसांच्या स्त्रियांनी काय काळजी घ्यावी ते. इतके दिवस जपून ठेवलंय, पण पाठवावं असं ओळखीत कुणी सापडतच नव्हतं.”

एखाद्या उपदेशाला अखेर योग्य डोके सापडल्याचा जो आनंद असतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. त्यांनी चष्मा लावला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“पहिलं. लाल केसांवर गुलाबी रंग कधीही घालू नये.” त्यांची नजर माझ्या गुलाबी ओढणीवर स्थिरावली. “पहिल्यालाच नापास. हिरवं घालायचं. गडद हिरवं. दुसरं, चेहऱ्यावरचे फ्रेकल्स, म्हणजे ते तपकिरी ठिपके, मेकअपने झाकू नयेत, ते आपलं सौंदर्य असतं.” येथे त्यांनी चष्मा कपाळावर सारला, माझ्या न सुजलेल्या गालाजवळ तोंड आणले आणि बराच वेळ निरीक्षण केले. “झाकलेस ना?”

“मला फ्रेकल्स नाहीत, काकू.”

“असतात, असं लिहिलंय. बरं, तिसरं. भुवया फिकट असतात, त्या पेन्सिलने जरा गडद कराव्यात.” माझ्या भुवया जन्मापासून काळ्याभोर आणि दाट आहेत. काकूंनी त्या पाहिल्या आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाल्या, “तुझं ना, पेन्सिलीचं प्रमाण थोडं चुकलंय.”

मी ओढणी गालावर धरून मान फिरवली. दुखण्याचा हा एक उपयोग असतो की माणसाला उद्धट न ठरता मान फिरवता येते. परंतु काकूंची यादी लांब होती. लाल केसांच्या स्त्रीने काळा मस्कारा न लावता तपकिरी लावावा, ओठांना पीच रंगाची लिपस्टिक बरी, ऊन तर मुळीच सोसत नाही, त्वचा काही मिनिटांत लालबुंद होते. यांतील प्रत्येक वाक्यानंतर त्या माझ्या सावळ्या हाताकडे पाहत आणि हात लालबुंद झालेला नाही हे पाहून काहीशा नाराज होत. मग एका वाक्यापाशी त्या थबकल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“अगं, हे तर फार महत्त्वाचं आहे. लाल केसांच्या बायकांना भूल चढत नाही.”

“ते जन्मतः लाल केस असणाऱ्यांचं असतं,” मी म्हणाले. सुजलेल्या जबड्यातून हे वाक्य जसे बाहेर पडले तसे ते मलाही समजले नाही.

“जन्मतः काय आणि नंतर काय? केस लाल आहेत की नाहीत?”

या युक्तिवादाला उत्तर आहे, पण ते देण्यासाठी तोंड उघडावे लागते. तेवढ्यात काकू उठून काउंटरवर पोचल्यासुद्धा होत्या. “त्या लाल केसवाल्या बाई आहेत ना, त्यांना इंजेक्शन जरा जास्तीचं द्या म्हणावं डॉक्टरांना,” हे त्यांनी ज्या आवाजात सांगितले, त्या आवाजात सांगितल्यावर प्रतीक्षेतील प्रत्येक डोके वळणे स्वाभाविक होते. मुलीने पेन उचलले. कार्डावर भुलीसाठी वेगळा रकाना नव्हता.

न दिलेले उत्तर येथे देते, कारण तेव्हापासून ते माझ्या घशात अडकलेले आहे. केसांचा नैसर्गिक लाल रंग हा एमसी१आर नावाच्या जनुकाचा प्रताप आहे. ते १६ व्या गुणसूत्रावर असते, आणि त्याचा लाल केसांशी असलेला संबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जनुकातील बदलामुळे शरीर युमेलॅनिन या काळपट रंगद्रव्याऐवजी तांबूस फिओमेलॅनिन अधिक तयार करते; म्हणून केस लाल, त्वचा फिकट, अंगावर फ्रेकल्स आणि उन्हाचा त्रास, असे सगळे एकाच गाठोड्यात येते. जगात अशी माणसे शेकडा एक ते दोन. भुलीची गोष्टही हवेतून आलेली नाही. २००४ मध्ये दहा लाल केसांच्या आणि दहा गडद केसांच्या स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात पहिल्या गटाला डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू सुमारे १९ टक्के जास्त लागला होता. पण २०१२ मध्ये खास लाल केसांच्या स्त्रियांच्या खालच्या जबड्यातील इंजेक्शनची परीक्षा झाली, तेव्हा ते लागू पडण्या-न-पडण्याशी केसांचा संबंध दिसला नाही. त्यांना दातांच्या डॉक्टरांची धास्ती मात्र अधिक वाटते, एवढे आढळले. माझी तर गोष्टच वेगळी. माझा एमसी१आर जागच्या जागी आहे, आणि सलॉनमधली मुलगी ट्यूबमधून वाटीत काय पिळते आहे, याची त्याला खबरही नसते.

अखेर मला आत बोलावले. डॉक्टर सज्जन आणि तरुण आहेत. त्यांनी कार्ड वाचले, माझ्या डोक्याकडे पाहिले, माझ्या गालात कापसाचे बोळे व लाळ ओढणारी नळी बसवली, आणि मग, या जमातीच्या नियमाप्रमाणे, प्रश्न विचारला, “नैसर्गिक आहेत का?” मी “नाही” म्हटले, ते “आई” असे ऐकू आले. “अच्छा, आईकडून,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सहायिकेकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. इंजेक्शन उत्तम चढले. जीभसुद्धा परक्या माणसाची वाटू लागली.

बाहेर आले तेव्हा काकू यजमानांची पावती होण्याची वाट पाहत होत्या. “दुखलं ना?” त्यांनी आशेने विचारले. मी मान हलवून नकार दिला. काकू क्षणभर गोंधळल्या, मग त्यांचा चेहरा उजळला. “मग तुझा रंग नीट बसलेला नाही,” त्या म्हणाल्या. “परत जा आणि भांड त्यांच्याशी.”

राग आला तो काकूंचा कमी, त्या यादीचा अधिक. सौंदर्याचा जो सल्ला ‘लाल केसांसाठी’ म्हणून जगभर फिरतो, तो जवळजवळ सगळा गोऱ्यापान, फ्रेकल्स असलेल्या, फिकट पापण्यांच्या चेहऱ्यासाठी लिहिलेला असतो. त्याच्या डोक्यावरचा रंग मात्र बाटलीत भरून सर्वांना विकला जातो. रंगाच्या खोक्यावरची हसरी बाई नेहमी त्या चेहऱ्याची असते. केसांच्या नमुन्यांच्या तक्त्यावर ‘तांबे’ म्हणून जी चकचकीत बट डकवलेली असते, ती आधी ब्लीच केलेल्या केसांची असते. तोच रंग काळ्या केसांवर ब्लीचशिवाय लावला तर तो फक्त उन्हात आणि फक्त मैत्रिणीला दिसतो. रुपेरी पडद्यावर ज्या दोन बायकांनी लाल केसांचा डंका वाजवला, त्या हॉलीवूडच्या ल्युसिल बॉल आणि रिटा हेवर्थ, दोघीही मूळच्या गडद केसांच्या होत्या. त्यांना कोणी ‘मुद्दाम केलंस का’ असे विचारले असेल, असे मला वाटत नाही.

त्वचेच्या सल्ल्याचे तर विचारूच नये. त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडणारी त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी १९७५ मध्ये तयार झाली, ती गोऱ्या त्वचेचे चार प्रकार घेऊन. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे दोन प्रकार तिला मागाहून जोडण्यात आले. नैसर्गिक लाल केसांची स्त्री बहुधा पहिल्या प्रकारात बसते, म्हणून तिला एसपीएफ ५० चे सनस्क्रीन आणि दर दोन तासांनी पुन्हा लेप, हे योग्यच आहे. तिची भीती भाजण्याची असते. माझी भीती डागांची आहे. आमच्या त्वचेला दिसणाऱ्या प्रकाशानेही काळे डाग पडतात, आणि त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे रंगीत, सनस्क्रीन जास्त उपयोगी पडते. हे त्या यादीत नव्हते. अशाच एका यादीवर विश्वास ठेवून मी एकदा झिंक ऑक्साइडचा पांढरा लेप लावून बाहेर पडले होते, तर लोकांनी मी गिरणीतून दळण आणल्यासारखी वाट करून दिली.

आणि गुलाबी. गुलाबीने कोणाचे काय वाकडे केले आहे, हे मला कळत नाही. रंगचक्रावर लालाच्या समोर हिरवा येतो, म्हणून हिरव्या कपड्याने लाल केस उठून दिसतात, इथपर्यंत ठीक. पण उठून दिसायचे नसेल, अक्कलदाढ काढायला जायचे असेल, तर? सल्ला देणाऱ्यांना ही शक्यता सुचत नाही. त्यांच्या मते लाल केसांची स्त्री चोवीस तास चित्रात बसलेली असते.

येथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. आत ज्यांचे रूट कॅनाल चालले होते, त्या काकूंच्या यजमानांच्या मिशा बाहेर आल्यावर मी नीट पाहिल्या. त्या इतक्या काळ्या होत्या, की तशा काळ्या रंगाची मिशी निसर्गाने अजून घडवलेली नाही. खाली हनुवटीचे खुंट पांढरे आणि वरच्या ओठाच्या कातडीवरही थोडा रंग उतरलेला. त्यांना कोणी तपकिरी मस्कारा सुचवला नाही. त्यांच्या कार्डावर काही लिहिले गेले नाही. पुरुषाने केस काळे केले तर तो नीटनेटका असतो, बाईने काळे केले तर ती वय लपवते, आणि लाल केले तर ती सर्वांच्या मालकीची होते.

काकूंचे एक म्हणणे मात्र, चुकीच्या कारणाने का होईना, खरे आहे, आणि त्याचा मला अधिकच संताप येतो: लाल रंग टिकत नाही. धुण्याने आणि उन्हाने उतरण्यात तो इतर छटांच्या पुढे असतो. पहिल्या काही न्हाण्यांत बादलीतले पाणी पाहून घरातील माणसे चौकशी करतात, उशीचे अभ्रे गुलाबी होतात (तोच निषिद्ध गुलाबी), आणि पांढरा टॉवेल वापरण्याचा अधिकार कायमचा जातो. उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. सल्फेट नसलेला शाम्पू, कमी वेळा न्हाणे, कढत पाण्याऐवजी कोमट पाणी, बाहेर पडताना डोक्यावर काहीतरी. पहिल्यांदा रंग लावताना तो आधी लांबीला आणि मग मुळांना लावावा लागतो, कारण टाळूच्या उबेने मुळांशी तो लवकर आणि भडक चढतो. ही अक्कल सलॉनमधल्या मुलीला नसली, तर कपाळाच्या वर दोन बोटे ज्वाळा आणि खाली गंजलेले लोखंड असा देखावा घेऊन महिनाभर फिरावे लागते. मला फिरावे लागले आहे. तेव्हा मात्र कोणाकडे यादी नव्हती.

ज्या प्रश्नाची मी त्या दिवशी वाट पाहत होते, तो काकूंनी विचारला नाही, काउंटरवरच्या मुलीने विचारला नाही, आणि सलॉनमध्ये तर कोणी विचारायच्या फंदातच पडले नव्हते. केसांच्या बहुतेक पक्क्या रंगांत पॅराफेनिलीनडायअमीन किंवा त्याच्या कुळातले रसायन असते. ते सोसत नसेल तर टाळू सोलवटते, पापण्या सुजून डोळे मिटतात, आणि हे आजवर बिनतक्रार रंग लावत आलेल्या बाईलाही अचानक होऊ शकते. म्हणून रंग लावण्याआधी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून पाहायचा असतो; हीच पॅच टेस्ट. खोक्याच्या आत घडी घातलेल्या कागदावर हे मुंगीच्या अक्षरांत छापलेले असते, आणि त्या कागदावर वाटी ठेवून रंग कालवतात.

ॲलर्जीचा रकाना खरे तर त्यासाठी होता. पुढच्या तपासणीला जाताना मी तेथे ‘पॅच टेस्ट केली, त्रास नाही’ असे माझ्या हाताने लिहिणार आहे, आणि ओढणी गुलाबीच घेणार आहे.