लिहा साहेब, काहीच नाही

पोळा झाला आणि आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. कुठल्याशा संस्थेची पोरं टॅब घेऊन आली होती, एकेका घरी दीड तास प्रश्न. एकाने लिहिलं, "सर्वे करू करू पोरं डॉक्टर झाले, आपल्या वावरात पाटाचं पाणी काही आलं नाही." अंगठ्यांचा पाऊस पडला. मग कुणीतरी मला ओढलं: "आपला भाऊ लंडनात विकास शिकून राहिला ना, त्याले विचारा."

लंडन नाही, ब्रायटन. पण यवतमाळ जिल्ह्यातून दोन्ही सारखेच दिसतात.

पंचवीस नंबरच्या बसमध्ये उभ्या उभ्या मी भलंमोठं उत्तर टाइप केलं. 2021 च्या जनगणनेत इथल्या 97 टक्के घरांनी अर्ज भरला, आपली जनगणना त्याच वर्षी व्हायची होती ती रखडली, असं बरंच. अर्ज न भरणाऱ्याला इथे हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मात्र लिहिलं नाही.

चीड आली ती यासाठी की 'सर्वे म्हणजे धूळफेक' म्हणणारेच भाषणात सर्वेचे आकडे फेकतात. शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये, हे 2018-19 चं देशभराचं सरकारी सर्वेक्षण. त्यातच दिसतं की पिकातून 3,798 आणि मजुरीतून 4,063. कास्तकार म्हणवणारं घर मजुरीवर जास्त चालतं, हे कुणी दारोदार विचारलं म्हणून कळलं. पाण्याचा पाट त्यातून येणार नाही, कबूल.

पण विचारायचं कसं, हा खरा प्रश्न. इथे ससेक्स विद्यापीठात ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी दाखवून दिलेले गावपाहणीतले दोष आम्ही घोकतो: पाहुणा डांबरी रस्त्यालगतची घरं बघतो, कोरड्या ऋतूत येतो, गावातल्या बड्यांशी बोलतो. वर्गात हे वाचताना मला आमचा नाला आठवला. गाडी नाल्याच्या अलीकडे थांबते. पलीकडचा कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, पावसाळ्यात तुटतो, म्हणजे ज्या महिन्यांत पेरणीची उधारी डोक्यावर असते आणि घरात दाणा कमी, तेव्हाच तिथे कुणी पोचत नाही. पाहुणे येतात दिवाळीनंतर, कापसाचा पहिला वेचा घरात आल्यावर. तेव्हा कोणाला विचारा, बरं चाललंय.

आणि व्याख्या? शेतकऱ्याची आत्महत्या सरकारी मदतीला 'पात्र' की 'अपात्र', हे आपल्याकडे प्रत्येक तलाठ्याला माहीत आहे. ठेक्याने दुसऱ्याचं वावर करणारा, परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचललेला माणूस त्या रकान्यांत बसत नाही. मेला तो मेलाच, कागदावर शेतकरी म्हणून नाही. हा सरळ सरळ संशोधन पद्धतीचा धडा आहे, आणि तो मला ब्रायटनला येऊन इंग्रजीत शिकावा लागला, याची लाज वाटते.

लाजेचंच निघालं म्हणून सांगतो. बारावीनंतर मीही फॉर्ममागे पैसे घेऊन असाच एक सर्वे केला होता. शेवटचे वीस फॉर्म पानठेल्यावर बसून भरले. कोणाकडे किती ढोरं, किती कर्ज, सगळं तोंडपाठ होतं. तेव्हा विचारायची गरजच नव्हती.

गेल्या वर्षी प्रबंधासाठी गावी गेलो. एथिक्स कमिटीची मंजुरी, दोन पानी संमतीपत्र, 'कधीही थांबू शकता' हे वाक्य. काकांनी शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. लहानपणी त्या उंबऱ्यावर मी बसायचो आणि ते खाटेवर. काकू कपबशीत चहा घेऊन आली. मला त्या घरात आजवर स्टीलच्या पेल्यातच चहा मिळाला होता.

"काका, बाहेरचं कर्ज किती?"

"काहीच नाही जी. लिहा साहेब."

साहेब थट्टेत म्हणाले असतील म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

प्रबंधात 'संशोधकाची भूमिका' असं एक प्रकरण असतं. त्यात मी आधीच लिहून ठेवलं होतं की मी याच गावचा आहे, त्यामुळे लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. नियम असा की उत्तर देणारा सांगेल तेच नोंदवायचं. रकान्यात शून्य लिहिलं. कृषी केंद्राची उधारीची चिठ्ठी खिडकीच्या गजाला खोचलेली होती, खुर्चीवरून स्वच्छ दिसत होती.