‘वादळ गेलं, धोका गेला’ हे खरं नाही

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की कोकणातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. ‘वादळ गेलं, धोका गेला. आता वेळ दवडू नका,’ अशी त्याची सुरुवात असते. मुंबई-पुण्यातली मुलं तो गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना पाठवतात, आणि काळजीपोटीच पाठवतात. पण त्यातले निम्मे सल्ले जिवावर बेतणारे आहेत. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: वारा पडला की लगेच छपरावर चढा, वीज गेलेली असते, त्यामुळे पडलेल्या तारा बांबूने स्वतःच बाजूला करा आणि जनरेटर घरातल्या प्लगला जोडा, विहिरीत तुरटी फिरवून पाणी प्यायला घ्या, पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका, नाहीतर भरपाई जाईल, पडलेली झाडं बागेतच कुजू द्या, आणि शेवटी, असं वादळ आता शंभर वर्षांत येणार नाही.

पहिला मुद्दा छपराचा. वारा पडला म्हणजे वादळ गेलं, हेच मुळात गृहीत धरता येत नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत १३० पर्यंत जात होते. अशा वादळाचा डोळा ज्या गावावरून जातो तिथे वारा अचानक थांबतो, उजेडसुद्धा पडतो. लोक अंगणात येतात. आणि मग वारा बरोबर उलट दिशेने सुरू होतो. पहिल्या तडाख्यात एका बाजूने मुळं उचकटलेला माड दुसऱ्या तडाख्यात आडवा होतो. वारा तासातासाने उतरत गेला तर वादळ पुढे सरकलं असं समजावं. एकदम चिडीचूप झालं तर घरातच थांबावं. मोबाइलचे टॉवर बंद पडतात, म्हणून सेलवरचा रेडिओ जवळ हवा. हवामान खात्याची सूचना त्यावर तरी ऐकता येते.

वारा खरोखर गेल्यावरही छप्पर ही घाईची जागा नाही. कौलांवर शेवाळ असतं आणि ती भिजलेली असतात. सिमेंटच्या पत्र्याचं तर आणखी वाईट. वरून तो अखंड दिसतो. त्याला गेलेली केसाएवढी चीर खालून, माजघरात उभं राहून उजेडाकडे बघितलं तरच दिसते. त्या चिरेवर पाय पडला की माणूस पत्र्यासकट खाली. चढायचंच असेल तर आधी खालून सगळं छप्पर नीट बघा, वर गेल्यावर पत्र्यावर पाय न देता वाशांवर आडवी फळी टाका आणि खाली एक माणूस उभा ठेवा. साठी ओलांडलेल्या माणसाने चढूच नये. फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. त्याचा भुगा कोरड्या झाडूने उडवू नका. पाणी मारा, तोंडाला फडकं बांधा, तुकडे गोणीत भरा. कौलांचा ढीग हाताने उपसणंही टाळा. फुरसं आणि विंचू दोन्ही आपल्याकडे मुबलक आहेत आणि पाऊस झाला की अशाच ढिगाऱ्यात शिरतात. लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते काम महाडला, म्हणजे याच मातीत केलं. त्यांच्यामुळे प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरात आलं आणि कितीतरी जीव वाचले. पण औषधापर्यंत पोचायला रस्ता मोकळा लागतो, आणि वादळानंतर तोच बंद असतो.

विजेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. ‘लाइट नाही म्हणजे तारेत करंट नाही’ ही समजूत गावागावात पक्की आहे. आपल्या घरात लाइट नसते ती डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ (फ्यूज) उडाल्यामुळे, किंवा आपल्या बाजूचा एखादा फेज गेल्यामुळे. शेजारच्या वाडीची लाइन चालू असू शकते. चालू लाइनची तार आंब्याच्या फांदीवरून तुमच्या तारेच्या कुंपणावर लोंबत असेल, तर कुंपणाचं टोक दोन घरं पलीकडे असलं तरी तिथेही करंट असतो. कपडे वाळत घालायच्या तारेचंही तेच. मेसेज म्हणतो, बांबूने बाजूला करा. वादळानंतर गावात कोरडा बांबू असतो कुठे? तार दिसली की निदान दहा मीटर लांब राहा, पोरांना आणि गुरांना तिकडे जाऊ देऊ नका आणि महावितरणला १९१२ वर कळवा. फोन लागत नसेल तर वायरमनपर्यंत निरोप पोचवा, तोवर दोन्ही बाजूंना माणूस उभा करा.

आणि जनरेटर. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या कितीतरी गावांनी अनेक आठवडे अंधारात काढले, तेव्हा भाड्याचे जनरेटर घरोघर फिरत होते. मोबाइल चार्ज करायला आणि टाकीत पाणी चढवायला ते लागतातच. पण जनरेटरची वायर घरातल्या प्लगात खुपसली आणि मेन स्विच चालू राहिला, तर वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. डीपी ११,००० व्होल्टचे २३० करते, तशीच ती उलट बाजूने आलेल्या २३० चे ११,००० करते. तिकडे खांबावर वायरमन चढलेला असतो, लाइन बंद आहे अशा खात्रीने. आपल्यासाठीच पावसात राबणारा माणूस आपल्या पंपामुळे मरू शकतो. हे ज्याला कळलं तो पुन्हा असा प्लग लावणार नाही. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर घराच्या वायरिंगला हातच लावू नका. जनरेटरवरून थेट एक्स्टेंशन बोर्ड ओढा आणि त्यावर पंप चालवा. जनरेटर पडवीत किंवा खिडकीखालीही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही.

तुरटीबद्दल. तुरटी वाईट नाही. ती गढूळपणा खाली बसवते, आणि नेमका त्यामुळेच घात होतो, कारण नितळ दिसणारं पाणी माणूस निर्धास्त पितो. जंतू तुरटीने मरत नाहीत. पुराचं पाणी, गोठ्यातलं मूत, कुजका पाला हे सगळं विहिरीत गेलेलं असतं. त्यासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते, आणि तिचं माप काढता येतं. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या उंचीने आणि ०.७८५ ने गुणा. येतात ते घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल तर सुमारे १४,००० लिटर झाले. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ३५ ग्रॅम पावडर. ती तशीच भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात खळीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, पाच-दहा मिनिटांनी चुना तळाशी बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि पोहऱ्याने खालीवर हलवा. तासभर पाणी काढू नका. त्यानंतर क्लोरिनचा हलका वास यायला हवा. गढूळ पाणी क्लोरिन खाऊन टाकतं, म्हणून वास आला नाही तर पुन्हा पावडर टाकावी लागते. ग्रामपंचायतीत उघडी पडलेली जुनी गोणी असेल तर तिच्यातला दम गेलेला असतो, हेही लक्षात ठेवा. तोवर प्यायचं पाणी खळखळून उकळायचं.

किनाऱ्यालगतच्या विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं असेल तर मात्र तुरटी, टीसीएल, उकळणं, काहीच कामाचं नाही. मीठ यातल्या कशानेच जात नाही. उपसा करावा लागतो, तोही सावकाश. किनारपट्टीच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मोठा पंप लावून जोरात उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर पुढे बराच काळ मचूळ राहते. साचलेल्या पाण्यात अनवाणी वावरू नका. पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे शिरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आपल्याकडे दर पावसाळ्यात असतोच. ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर ‘दगदगीने झालं’ म्हणून अंगावर काढू नका, आरोग्य केंद्र गाठा.

पंचनाम्याचा मुद्दा मेसेजच्या पहिल्या ओळीशीच भांडतो: तिथे वेळ दवडू नका म्हणायचं आणि इथे हात लावू नका. ‘निसर्ग’ आलं ३ जूनला, आणि मोसमी पाऊस हर्णैला पोचला ११ जूनला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्याकडे कितीतरी गावं असतात, पंचनाम्याला यायला वेळ लागतो. तोवर घर उघडं ठेवलं तर मातीच्या भिंती वितळतील, भाताचं बियाणं भिजेल, आणि पत्र्याचं नुकसान अख्ख्या घराचं होईल. ताडपत्री टाका, घर आवरा, पण आधी फोटो काढा. चारही कोपऱ्यांतून, घर ओळखू येईल असा लांबून एक, मग जवळून तुटलेल्या वस्तूंचे, आणि एखाद्यात घरमालक उभा. फुटलेली कौलं एका जागी रचून ठेवा. बागेत पडलेली झाडं मोजून दोन शेजाऱ्यांच्या सहीने कागदावर घ्या. २०२० साली बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये झाली. कोकणातली बाग गुंठ्यांत असते, म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५००. म्हणून तर ‘झाडागणिक मोजा’ अशी मागणी उठली. तुमच्याकडे झाडांचा आकडाच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? सातबारा, घरपट्टीची पावती आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकत्र ठेवा.

झाडं कुजू देण्याचा सल्ला शेतीची आवड असलेल्या कुणीतरी लिहिला असावा, पण माडाची बाग त्याने पाहिलेली नाही. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या तिथेच पोसतात, आणि भुंगे बाहेर पडून वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतात. माडाला कोंब एकच. तो गेला की झाड गेलं. जखमी खोडाच्या वासावर सोंड्या भुंगाही येतो. म्हणून माडाची खोडं आधी बाहेर काढा, चिरून वापरा नाहीतर जाळा. आंबा, फणस, काजू यांचं वेगळं. काही मुळं जमिनीत शाबूत असतील तर झाड वाचू शकतं. उघड्या मुळांवर ओली गोणपाटं टाका, फांद्या छाटून भार कमी करा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि मग दोर बांधून हळूहळू उभं करा. सुपारीच्या बागेत वरची सावली गेली की उभ्या राहिलेल्या पोफळींची खोडं दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाने करपतात. त्यांना सुक्या झावळ्या बांधाव्या लागतात. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणून उभी आहे ती जपायची. एकमेकांत अडकलेली झाडं मात्र कोयता घेऊन एकट्याने तोडू नका. ताणात वाकलेलं खोड सुटलं की कुठे उसळेल सांगता येत नाही.

राहिलं ते शंभर वर्षांचं. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, ऑक्टोबर २०१९ मध्ये किनाऱ्यापासून लांबून जातानाही सिंधुदुर्गात लाटा आत घालणारं ‘क्यार’, जून २०२० मध्ये ‘निसर्ग’, मे २०२१ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गाला झोडपत गुजरातकडे गेलेलं ‘तौक्ते’. ज्यांनी ‘निसर्ग’नंतर कर्ज काढून नवे पत्रे टाकले, त्यांतल्या कित्येकांना वर्षही मिळालं नाही. तेव्हा छप्पर नव्याने घालताना पागोळीकडच्या बाजूला हुक दुप्पट टाकून घ्या. वारा पत्रा उचलतो तो तिथूनच. आणि ताडपत्री, दोर, टीसीएलचा बंद डबा ही खरेदी एप्रिलमध्येच उरका, कारण वादळानंतर दुकानात यातलं काही मिळत नाही, आणि मिळालं तर दुप्पट भावाने.