प्रतिक्रियेला उत्तर : फाशीला उशीर कोण लावतं?

'एक ठाणेकर' यांस,

आधी माझी चूक. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला येरवड्यात फाशी झाली, असं मी मागच्या लेखात लिहून गेलो होतो. ती ३० जुलै २०१५ ला नागपूरच्या कारागृहात झाली. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचा राग. फाशीला उशीर वकीलच लावतात, फाशीच्या आदल्या रात्री कोर्ट उघडायला लावणं हा त्यांचाच खेळ आहे आणि मी कोर्ट नाक्यावर चहा पीत त्यांचीच री ओढतो, असं तुमचं म्हणणं. चहाचं खरं आहे.

खेळही कधी कधी होतो. दिल्लीच्या निर्भया प्रकरणात चौघांनी आपले अर्ज एकेक करून पुढे काढले, फाशीची तारीख ठरवणारी तीन वॉरंटं फुकट गेली. चौथ्या वॉरंटावर २० मार्च २०२० च्या पहाटे फाशी झाली. त्या आईने किती खेटे घातले ते आपण टीव्हीवर पाहिलंय. इथे मी तुमच्याच बाजूला.

पण पुण्याचं बीपीओ प्रकरण घ्या, कॉल सेंटरमधल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याचं. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१७ मध्ये आणि वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये! मधली दोन वर्षं कागद सरकारी टेबलांवर आणि कोर्टाच्या कचेरीत. २४ जून ही तारीख ठरली, ती तोंडावर आल्यावर हायकोर्टाने स्थगिती दिली आणि पुढच्याच महिन्यात या उशिरामुळेच फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद केली. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. तिथे वकिलाने फक्त कॅलेंडर दाखवलं.

तुम्ही लिहिलंय, 'इंग्रजांच्या काळी आपल्या ठाण्याच्या जेलमध्ये चार महिन्यांत सगळं उरकायचं.' हो, उरकलं होतं. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याचा वध २१ डिसेंबर १९०९ चा, आणि कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना फाशी १९ एप्रिल १९१० ला. पण अहो, त्या वेगाचं कौतुक निदान आपण तरी करू नये. त्या तिघांना आपण हुतात्मा म्हणतो.

आणि शेवटच्या अर्जाने होतं काय, हेही विचारलंत. पूर्वी पुनर्विचार याचिका, म्हणजे सुप्रीम कोर्टाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा असा अर्ज, न्यायाधीश दालनात बसून कागदांवरच निकालात काढत. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने फाशीच्या प्रकरणांत तरी खुल्या कोर्टात तोंडी सुनावणी हवी असं ठरवलं. नाशिकच्या २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी एप्रिल २००९ मध्ये सुप्रीम कोर्टातच पक्की झाली होती. तुमच्या हिशेबाने ऑगस्टपर्यंत सगळे संपले असते. पुनर्विचारात तो निकाल मागे घेतला गेला, अपील नव्याने ऐकलं, आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. शिक्षा कमी झाली असं नव्हे, निर्दोष! प्रत्येकाला पाच लाख द्या, असंही कोर्टाने सरकारला सांगितलं. त्यांतला एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.